नळी पोकळ असावी, दावा नव्हे

राष्ट्रीय वृत्तपत्रांच्या विज्ञान-पानावर दर काही महिन्यांनी एक ठरावीक बातमी येते. कोणत्या तरी भारतीय प्रयोगशाळेने असे उपकरण सिद्ध केलेले असते, की जे हवेतील घातक वायूचा अब्जात एक रेणूही हेरते. शीर्षकात तो आकडा ठळक असतो, मजकुरात 'स्वदेशी' आणि 'अल्पखर्ची' ही विशेषणे असतात. शेवटच्या परिच्छेदात हे उपकरण उद्योग, रुग्णालये आणि महानगरांची हवा अशा सर्वच ठिकाणी उपयोगी पडेल, असे आश्वासन दिलेले असते. पुढील बातमी येईपर्यंत आधीच्या उपकरणाचे काय झाले, हे कोणी विचारीत नाही.

यातील आकडा बहुधा खोटा नसतो. तक्रार त्याबद्दल नाहीच. वायू हेरण्याच्या विद्येतील सर्वांत कमी उपयोगाचा आकडा शीर्षकात बसवला जातो आणि खरोखर महत्त्वाचे आकडे शोधनिबंधाच्या पुरवणीतही सापडत नाहीत, ही तक्रार आहे. पोकळ तरंगवाहकांच्या उदाहरणावरून हे जितके स्पष्ट होते, तितके दुसऱ्या कशावरून क्वचितच होईल.

प्रथम विद्या समजून घेऊ. बहुतेक वायूंचे रेणू अवरक्त प्रकाशातील ठरावीक तरंगलांब्या शोषतात. मिथेन ३.३ मायक्रॉनच्या आसपास, कार्बन मोनॉक्साइड ४.६ च्या आसपास, नायट्रिक ऑक्साइड ५.३ पाशी, अमोनिया १०.३ पाशी. ही प्रत्येक रेणूची ओळखखूण होय. लेसरचा किरण वायूतून पाठवावा, नेमक्या त्या तरंगलांबीवर किती प्रकाश गहाळ झाला ते मोजावे, आणि त्यावरून रेणूंची संख्या काढावी. वायू विरळ असला की प्रकाश इतका थोडा गहाळ होतो की तो मोजण्यासाठी किरणाला लांबचा प्रवास घडवावा लागतो. आरशांच्या जोडीत किरण शेकडो वेळा परतवण्याची युक्ती जुनी आहे. व्हाइट यांचा कोष्ठ १९४२ चा, हेरियट यांचा १९६० च्या दशकातला.

दुसरी वाट म्हणजे पोकळ नळी. इंटरनेट वाहून नेणारा काचतंतू येथे निरुपयोगी, कारण सिलिकाची काच अडीच मायक्रॉनच्या पलीकडे जवळजवळ अपारदर्शक होते. मग प्रकाश काचेतून न नेता काचेच्या आतल्या पोकळीतून न्यायचा. काचेच्या केशनलिकेच्या आतील अंगावर चांदीचा थर द्यायचा, त्या चांदीचा वरचा भाग आयोडिनने सिल्व्हर आयोडाइडमध्ये बदलायचा, आणि त्या चकचकीत बोगद्यातून किरण सोडायचा. त्याच बोगद्यातून वायूही वाहतो. म्हणजे नळी हीच प्रकाशाची वाट आणि तीच नमुन्याची बाटली. जपानमधील तोहोकू विद्यापीठात मित्सुनोबु मियागी यांनी या नळ्यांचा सिद्धांत मांडला, अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात जेम्स हॅरिंग्टन यांच्या गटाने १९९० च्या दशकात त्या बनवण्याची रीत घडवली. नळीबरोबर मध्य-अवरक्त प्रकाश देणारा क्वांटम कॅस्केड लेसर जुळला की चहाच्या ट्रेएवढे उपकरण शक्य होते. हा लेसर बेल प्रयोगशाळेत १९९४ मध्ये प्रथम चालला.

आता हिशेब पाहू. एक मिलिमीटर व्यासाच्या आणि पाच मीटर लांबीच्या नळीत चार मिलिलिटरपेक्षाही कमी वायू मावतो. बाजारातील एका नामांकित आरसा-कोष्ठात किरणाचा मार्ग ७६ मीटर असतो, पण त्यासाठी अर्धा लिटर हवा लागते. संवेदनशीलतेत आरसा-कोष्ठ जिंकतो, आणि त्याबद्दल वाद नाही. परंतु मिनिटाला शंभर मिलिलिटर एवढ्या संथ प्रवाहाने हवा खेचली, तर नळीतील नमुना अडीच सेकंदांत बदलतो आणि कोष्ठातला बदलायला पाच मिनिटे लागतात. मोठा पंप लावून कोष्ठही वेगवान करता येतो. मात्र मग पंपाचे वजन, त्याची वीज आणि त्याचा आवाज हेही उपकरणाचाच भाग होतात, आणि ते पाठीवर घेऊन चालता येत नाही.

म्हणजे पोकळ नळीचा खरा गुण आहे अल्प आकारमान आणि त्यातून येणारी चपळाई. बातमी मात्र तिचे कौतुक करते ते संवेदनशीलतेसाठी, ज्या बाबतीत ती मुळात दुय्यम आहे. नळीची लांबी वाढवून संवेदनशीलता हवी तेवढी वाढवता येत नाही. शोषण लांबीच्या प्रमाणात वाढते, पण भिंतींवर होणाऱ्या ऱ्हासामुळे प्रकाश घातांकी गतीने क्षीण होतो, आणि एका मर्यादेपलीकडे प्रत्येक जादा मीटर तोट्याचा ठरतो. नळी अरुंद केली तर तो ऱ्हास त्रिज्येच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो: व्यास निम्मा, ऱ्हास आठपट. नळी वाकवली तर त्यात आणखी भर. शिवाय रुंद नळीतून प्रकाश एकाच वेळी अनेक वाटांनी जातो. जवळून ट्रक गेला, दुपारी तापमान चढले, की त्या वाटांचे परस्परांशी असलेले नाते बदलते आणि मोजमापात गोंगाट माजतो. कंपनरोधक टेबलावर, वातानुकूलित खोलीत हा गोंगाट दबतो, आणि शीर्षकातला आकडा त्याच खोलीत जन्मलेला असतो.

तरीही तो आकडा गाठणे हा पराक्रमच नव्हे काय, असे कोणी म्हणेल. पराक्रम आहे, प्रश्न असा की तो कोणाला हवा आहे. अमोनिया घ्या. भारताच्या २००९ च्या वायुगुणवत्ता मानकांत बारा प्रदूषके आहेत आणि त्यांत अमोनिया आहे. चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ४०० मायक्रोग्रॅम, म्हणजे सामान्य तापमानाला अब्जात सुमारे ५७५ भाग. वार्षिक मर्यादा १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे अब्जात साधारण १४४. मानक तपासायला अब्जात दहा भागांची अचूकता पुरते. धुक्याचे रसायन समजून घ्यायला अब्जात एक भाग पुरतो. त्याहून हजारपट सूक्ष्म, लाख कोटीत एक, असा दावा करणारे उपकरण जर आठवड्याभरात आपले शून्य विसरत असेल, तर ते प्रदूषण मंडळाच्या अभियंत्याच्या कोणत्याही कामाचे नाही. त्याला अब्जात पाच भाग हेरणारे, पण जुलैत लावले तर जानेवारीतही तेच खरे सांगणारे यंत्र हवे आहे. अशा यंत्राची बातमी होत नाही.

अमोनियाचे उदाहरण सहज निवडलेले नाही. सिंधू-गंगेचे मैदान हा उपग्रहांच्या नकाशावर जगातील सर्वाधिक अमोनिया असलेल्या प्रदेशांपैकी एक आहे. शेतातला युरिया, गोठे, उघडी गटारे यांतून तो उठतो. हवेतील आम्लांशी संयोग होऊन त्याचे अमोनियम नायट्रेट, सल्फेट आणि क्लोराइड बनतात. दिल्लीच्या हिवाळी धुरक्यातील सूक्ष्म कणांचा मोठा हिस्सा हेच क्षार असतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने दिल्ली विमानतळावर चालणाऱ्या हिवाळी धुके प्रयोगात या रसायनाचा पाठपुरावा होत आहे, आणि आयआयटी मद्रासच्या पुढाकाराने झालेल्या २०२१ च्या अभ्यासाने अमोनियम क्लोराइड पाणी शोषून दृश्यता कशी घटवते, हे दाखवले. असे असूनही जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाचे यश मोजले जाते ते धूलिकणांच्या घटीवर. कण ज्या वायूंतून जन्मतात, त्यांच्या मोजणीकडे लक्ष दुय्यम.

आणि जिथे मोजणी होते, तिथे ती कशी होते? प्रचलित पद्धत अप्रत्यक्ष आहे. हवेचा एक प्रवाह तापवलेल्या परिवर्तकातून नेऊन त्यातील अमोनियाचे नायट्रिक ऑक्साइड करायचे आणि एकूण नायट्रोजन ऑक्साइड मोजायचे, दुसऱ्या प्रवाहात अमोनिया वगळून तेच मोजायचे, मग वजाबाकी. आता समजा, वाहनांच्या गर्दीत पहिला आकडा ३२० आला आणि दुसरा ३००. दोन्हींत प्रत्येकी पाच टक्क्यांची स्वतंत्र चूक असली, तर उत्तर येते वीस, आणि त्या विसातील अनिश्चितता बावीस. दोन मोठ्या संख्यांच्या वजाबाकीतून लहान संख्या शोधू नये, हे पदवीच्या पहिल्या वर्षाच्या प्रयोगवहीत शिकवले जाते. देशाच्या वायुगुणवत्ता निर्देशांकात अमोनियाचा जो अंक मिसळला जातो, तो पुष्कळदा असल्या वजाबाकीचे फळ असतो. अवरक्त शोषणाने अमोनिया थेट मोजता येतो, त्याची वजाबाकी करावी लागत नाही. पोकळ नळीला भारतात खरे काम असेल तर ते हे.

पण येथेच नळीचे दुसरे दुखणे पुढे येते, आणि त्याबद्दलचे मौन अधिक खटकणारे आहे. अमोनिया चिकट आहे. भिंतीवर ओलाव्याचा अदृश्य पापुद्रा असतो, त्यात तो विरघळतो आणि सावकाश सुटतो. एक मिलिमीटर व्यासाच्या नळीत प्रत्येक घनसेंटिमीटर वायूला चाळीस चौरस सेंटिमीटर भिंत लाभते. अर्ध्या लिटरच्या साध्या पात्रात एक चौरस सेंटिमीटरसुद्धा नाही. पन्नासपटींहून अधिक भिंत! म्हणजे ज्या चपळाईसाठी नळी निवडली, तीच अमोनियाच्या बाबतीत भिंत गिळून टाकते. नळी तापवणे, आतून जलरोधक थर देणे, प्रवाह वाढवणे असे यावर उपाय आहेत. प्रत्येकाची किंमत आहे आणि प्रत्येकाचा परिणाम मोजण्याजोगा आहे. पण 'अमोनिया सोडल्यावर अंतिम मूल्याच्या नव्वद टक्क्यांपर्यंत पोहोचायला किती वेळ, आणि बंद केल्यावर उतरायला किती' हे दोन आकडे कितीशा प्रसिद्धिपत्रकांत आढळतात?

तिसरी गोष्ट पावसाळा. प्रयोगशाळेतील चाचणी बहुधा कोरड्या नायट्रोजनमध्ये मिसळलेल्या वायूवर होते. तीस अंश सेल्सियसच्या संपृक्त हवेत मात्र शंभरात चार रेणू पाण्याचे असतात. अब्जात दहा भाग अमोनिया शोधायचा असेल, तर त्याच्या भोवती बेचाळीस लाख पट पाणी आहे. दहा मायक्रॉनच्या परिसरात बाष्प तुलनेने पारदर्शक असते, म्हणून ही खिडकी निवडतात. तरीही एवढ्या संख्येपुढे 'तुलनेने' हा शब्द फार आधार देत नाही. शेजारच्या कार्बन डायऑक्साइडच्या रेषाही आहेतच. कोरड्या नायट्रोजनमधील शोधमर्यादा सांगून चेन्नईच्या हवेबद्दल आश्वासन देणे म्हणजे तरणतलावातील वेळ दाखवून इंग्लिश खाडी पोहल्याचे प्रमाणपत्र मागणे.

या बातम्यांतील सर्वांत अप्रिय सवय अजून सांगायची राहिली. कोणताही नवा सेन्सर आला की गटारात गुदमरून मरणाऱ्या सफाई कामगारांचा उल्लेख केला जातो. त्याने करुणा जागते आणि निधीच्या अर्जाला वजन येते. परंतु गटारातला मुख्य मारेकरी हायड्रोजन सल्फाइड अवरक्त प्रकाश अत्यंत क्षीणपणे शोषतो. या पद्धतीसाठी तो प्रतिकूल वायूंपैकी एक. वर तो चांदी काळी करतो, हे दागिने वापरणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. चांदीच्या अस्तराची नळी त्या हवेत किती आठवडे चमकत राहील, हे आधी तपासावे आणि मग बोलावे. त्या कामासाठी कमरेला अडकवायचा विद्युत्-रासायनिक सेन्सर कित्येक वर्षांपासून उपलब्ध आहे आणि पुरेसा आहे. २०१३ च्या कायद्याने तर संरक्षणाविना माणसाला गटारात उतरवणेच निषिद्ध केले. ३० एप्रिल २०२३ रोजी लुधियानाच्या गियासपुरा भागात अकरा माणसे रस्त्यावर आणि घरांत मेली, आणि संशय गटारातून आलेल्या याच वायूवर होता. तिथे उणीव अब्जांश मोजणाऱ्या भौतिकीची नव्हती. त्या मृत्यूंना आपल्या प्रकल्पाच्या प्रस्तावनेत वापरणाऱ्याने निदान एवढे प्रामाणिकपणे लिहावे.

जिथे नळी खरोखर उपयोगी पडू शकते, ती ठिकाणे वेगळी आहेत. भोपाळमध्ये १९८४ च्या डिसेंबरात जो मिथाइल आयसोसायनेट सुटला, तो ४.४ मायक्रॉनच्या आसपास अवरक्त प्रकाश जोरकसपणे शोषतो. त्या कारखान्यातील कामगार लहानसहान गळत्या डोळे चुरचुरण्यावरून ओळखत, असे नंतरच्या वृत्तांतांत नोंदले गेले आहे. आजही रासायनिक वसाहतींच्या कुंपणावर काही सेकंदांत प्रतिसाद देणारी, विशिष्ट रेणू ओळखणारी, महिनोन्महिने टिकणारी साधने हवी आहेत. तिथे अब्जात एक नव्हे, कोटीत एक हेरले तरी पुष्कळ.

मग अडते कुठे? 'तंत्रज्ञान परदेशी आहे' हे अर्धे उत्तर. लेसर आणि मध्य-अवरक्त शोधक मुख्यतः आयातीत आहेत हे खरे. त्यांना भारतीय खोक्यात बसवून 'स्वदेशी' म्हणणे हे त्या शब्दाचा अपमान करणारे. पण नळी? काचेच्या आत चांदी चढवण्याची रासायनिक रीत म्हणजे बारावीच्या प्रयोगशाळेतील टॉलेन्सच्या कसोटीची सख्खी बहीण. थर्मासच्या आतली चकाकी अशाच कृतीची. काचतंतू ओढण्याचे कौशल्य कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेत दशकानुदशके आहे. जर्मनीतील उल्म विद्यापीठात बोरिस मिझायकोफ यांच्या गटाने २०१३ च्या सुमारास काचही वगळली: धातूच्या ठोकळ्यात नागमोडी खाच कोरायची, घासून चकचकीत करायची, वर झाकण बसवायचे. राजकोट किंवा कोइमतूरच्या यंत्रशाळेत हे काम होणार नाही, असे कोण म्हणेल?

उणीव आहे ती मधल्या टप्प्याची. शोधनिबंध छापून आला की प्रकल्प संपतो, विद्यार्थ्याला पदवी मिळते आणि उपकरण कपाटावर जाते. देशाचा संशोधनखर्च सकल उत्पन्नाच्या ०.६४ टक्के, हा आकडा सर्वांना पाठ आहे. २०२५ मध्ये संशोधन, विकास आणि नवोन्मेषासाठी एक लाख कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. तिचा रोख तंत्रज्ञान-सिद्धतेच्या वरच्या पायऱ्यांवर पोहोचलेल्या खासगी प्रकल्पांकडे आहे. प्रयोगशाळेतील टेबल आणि ती पायरी यांच्या दरम्यान जे वर्ष-दीड वर्ष छपरावर, धुळीत, पावसात काढावे लागते, त्याला पैसा देणारा सापडत नाही, आणि ते काढल्याबद्दल कोणाला बढतीही मिळत नाही. सहा महिन्यांत शून्य किती सरकले, याचा निबंध नामांकित नियतकालिक छापत नाही. शोधमर्यादा निम्म्यावर आणली की छापते. संशोधक मूर्ख नसतात. ज्याचे गुण मिळतात, तेच ते करतात.

मूलभूत संशोधनाला उपयुक्ततेची फूटपट्टी लावू नये, हा आक्षेप येथे येईल. तो मान्य. पोकळीत प्रकाश कसा बांधला जातो, हा स्वतंत्र आनंदाचा विषय आहे आणि त्यासाठी कोणी गटाराचा हवाला देण्याची गरज नाही. पण ज्या क्षणी प्रसिद्धिपत्रकात रुग्णालय आणि कारखाना येतो, त्या क्षणी मोजपट्टी बदलते. ती लेखकानेच बदललेली असते.

राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेला २०१९ साली हवा आणि उत्सर्जन मोजणाऱ्या उपकरणांच्या प्रमाणीकरणाची जबाबदारी देण्यात आली. तिच्या दारात जाण्याआधी प्रत्येक भारतीय गटाने चार आकडे जाहीर करावेत: ऐंशी टक्के आर्द्रतेतील शोधमर्यादा, चढण्या-उतरण्याचा काळ, छपरावरील नव्वद दिवसांत सरकलेले शून्य, आणि प्रमाणित वायूच्या सिलिंडरशी शेवटची पडताळणी झाल्याची तारीख. अनुदान देणाऱ्या संस्थेने शेवटचा हप्ता या आकड्यांवर द्यावा. आणि विज्ञान-पानाच्या संपादकाने बातमी स्वीकारताना एवढेच विचारावे की हे उपकरण या क्षणी कुठे लावलेले आहे आणि काल रात्री त्याने काय वाचन दिले.